आधी पंगत, मंग बाजा

जालना
दि. १२ जानेवारी १९७५

ती. सौ. कांताताईस,
वसंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. एका कार्डावर एवढ्या शिव्या मावतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या आधी पोस्टमननं वाचल्या, मंग त्याच्याकडून पुंजारामकाकानं वाचून घेतल्या, आणि उरल्यासुरल्या माझ्या हातात आल्या. होय, कॉलेज सोडलं. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून आलो. ज्या प्रोफेसराला पिवळ्या पडलेल्या वहीतून मान वर काढता येत नाही आणि वर काढलीच तर मागच्या बाकावरची पोरं दिसत नाहीत, त्याच्यासमोर आणखी दीड वर्ष होयबा होऊन बसणं माझ्याच्यानं झालं नसतं. त्याला भर वर्गात तसं सांगितलं आणि पेटी उचलली. तू लिहितेस की माफी माग. मी मागणार नाही, आणि त्याचं कारणही लिहिणार नाही. कार्डावर जागा पुरत नाही म्हणून आज पाकीट आणलंय, तरीसुद्धा लिहिणार नाही.

सध्या काकाकडे राहून राह्यलो. काका काम करतो त्याच कापसाच्या जिनिंगमध्ये त्यानं मला चिकटवलं. रुईच्या गाठी प्रेसमधून बाहेर आल्या की त्यांच्यावर काळ्या रंगानं नंबर रंगवायचे, हे माझं काम. बी.ए. झालो असतो तर बहुतेक दोन रंगांत रंगवू दिले असते.

आता एक गंमत ऐक. आमच्या कारखान्याला यंदा पंचवीस वर्षं होतात. त्याचं एक पुस्तक निघणार आहे. पहिल्या पानावर मालकाचा फोटो, दुसऱ्यावर मालकाच्या बापाचा, आणि शेवटी कुठंतरी कामगार. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं की तुझं अक्षर बरं दिसतं, तर कामगारांच्या बँडचा इतिहास दोन पानांत लिही. इतिहास! राजेरजवाड्यांना इतिहास असतो असं ऐकलं होतं. इथं चौदा माणसं, तांबड्या रंगाचे चौदा कोट, एका कोटाची दोन बटणं एकसारखी नाहीत, आणि प्रत्येकाच्या बाहीला रुई चिकटलेली. लांबून बघितलं तर म्हाताऱ्या कोंबड्यांची रांग वाटते. त्यांना चार चाली येतात. चौथी म्हणजे पहिलीच, पण दमल्यावर वाजवलेली. आपला पुंजारामकाका मोठा ढोल पोटावर बांधतो. झांजवाला कडूबा डोळे मिटून वाजवतो आणि बाकीचे थांबल्यावर आणखी दोनदा वाजवतो.

आणि सगळ्यात ओंगळ गोष्ट म्हणजे ह्यांचं खाणं. कोणत्याही लग्नाला गेले की वाद्याला हात लावायच्या आधी पाहुण्यांच्या पंगतीत जाऊन बसतात. आधी पोटभर हाणतात, मंग ढेकर देत उठतात आणि फुंकतात. तसा त्यांचा नियमच आहे म्हणे, आधी पंगत, मंग बाजा. सारं गाव ह्यांना पंगत बँड म्हणतं. काका तर पंगतीत हात वर करून ओरडतो, इकडं आणखी वाढा म्हणून. घरी एका भाकरीवर उठणारा माणूस! लोकांच्या दारात गेला की पोटाला बुड राहत नाही. आपल्या लोकांनी डफडी टाकून दिली ती काय पितळेच्या नळ्या घेऊन असं हावरटासारखं बसायला? ही भुकेली जत्रा दोन पानांत कशी लिहू, तूच सांग.

तरी माहिती जमवायला बँडमास्तर भिवाकाकांच्या घरी रोज संध्याकाळी जाऊन राह्यलो. काम आहे म्हणून. दुसरं काही नाही.

मायला जयभीम. दाजींना सांग की मी बिघडलेलो नाही, फक्त बी.ए. झालेलो नाही. माया कमी होऊ देऊ नकोस. झालीच असेल तर कळवू नकोस.

तुझा,
वसंता


आष्टी
दि. २१ जानेवारी १९७५

चि. वसंतास,
कांताताईचे अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. मायला वाचून दाखवलं. कोंबड्यांपर्यंत आले तेव्हा ती हसली. खाण्यापर्यंत आले तेव्हा तिनं वाती वळायचं काम खाली ठेवलं आणि उठून आत गेली. का गेली ते तू विचारणार नाहीसच. तुला विचारायची सवय नाही, सांगायची आहे.

प्रोफेसरांचं राहू दे. कॉलेज कशामुळं सुटलं ते इथं आष्टीत बसून मला दिसतं. दिवाळीला तू काकाकडं गेलास आणि भिवाकाकांची बेबीनंदा बालवाडीतल्या पोरांना घेऊन गाणं म्हणत चालली होती, ते तू मला तीन पत्रांतून लिहिलंस. तिसऱ्या पत्रात तिच्या साडीचा रंगही होता. त्यानंतर औरंगाबादच्या प्रोफेसरांचे दोष तुला एकाएकी दिसायला लागले. आता बँडचा इतिहास लिहायला रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जावं लागतं, म्हणजे इतिहास फारच मोठा दिसतो. दाजी म्हणतात की एवढ्यात मराठ्यांचा झाला असता.

चेष्टा पुरे. मुलगी चांगली आहे. तिनं मॅट्रिक होऊन बालवाडी धरली आणि बापाचं घर सांभाळलं. मायच्या मनात आहे, माझ्याही आहे. पण भिवाकाका काय म्हणतात आणि त्याहून जास्त ती काय म्हणते, ह्यावर सगळं आहे. तिला उसन्या ऐटीचा राग येतो असं मी ऐकून आहे, आणि तुझ्याजवळ सध्या तेवढीच एक वस्तू आहे.

पंगतीबद्दल जे लिहिलंस ते मला लागलं. तो नियम कुणी घातला, कशासाठी घातला, हे भिवाकाकांना एकदा विचार. मी इथून सांगू शकते, पण सांगणार नाही. नाक वर करून विचारणाऱ्याला आयतं कशाला मिळावं? विचारशील तेव्हा तोंड सरळ ठेव, एवढं केलंस तरी पुष्कळ.

मायचा गुडघा दुखतो, बाकी बरं आहे. पत्रात राग कमी आणि खुशाली जास्त घालत जा. आमची माया आहे तिथंच आहे, तू मात्र जरा जागेवर ये.

तुझी,
ताई


जालना
दि. ६ फेब्रुवारी १९७५

ती. सौ. ताईस,
वसंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

साडीचा रंग मी लिहिला नव्हता. जांभळा होता, पण लिहिला नव्हता.

तुझ्या सांगण्यावरून इतिहास विचारायला बसलो. पश्चात्ताप झाला. चौदाजणांना एकेक करून विचारलं. बँड सुरू झाला सत्तावन्न साली, जयंतीच्या मिरवणुकीसाठी. जिनिंगच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता. तो निजामाच्या पलटणीत बिगुल फुंकायचा, पलटण मोडल्यावर फाटकावर आला. सगळे त्याला पलटणचाचा म्हणत. दुपारच्या सुट्टीत सरकीच्या ढिगाऱ्याआड बसून त्यानं ह्या लोकांना शिकवलं. स्वतःची तुतारीसारखी कॉर्नेट त्यानं भिवाकाकांना दिली आणि बाकीची जुनी वाद्यं छावणीतून आणवली. इथपर्यंत ठीक. पुढं मी विचारलं की कोणकोणत्या लग्नांत काय काय वाजवलं. ह्या लोकांना वाजवलेलं एक आठवत नाही! आठवतं काय, तर कोण कुठं बसलं. घनसावंगीकडच्या एका लग्नात पुंजाराम दाराच्या उजव्या हाताला तिसरा बसला. परतुरात भिवा थेट मांडवाच्या खांबाला टेकून बसला. कडूबा एकदा वराच्या मामाशेजारी बसला, हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बरं, जेवायला काय होतं? तर एकमेकांची तोंडं बघायला लागले. बुंदी होती की लाडू, कुणाला सांगता येईना. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या दारात जेवले आणि एका घासाची चव लक्षात नाही. जनावरसुद्धा चारा ओळखतं गं! हे नुसते गिळतात.

नियम कुणी घातला हे भिवाकाकांना विचारलं. ते म्हणाले की तुला खरंच पाहिजे असलं तर सांगतो. मी म्हटलं, पुस्तकात घालण्यासारखं असलं तर सांगा. ते बिडी विझवून म्हणाले की मंग राहू दे, पुस्तकात मावायचं न्हाई ते. घ्या! म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच.

पण एक काम चांगलं झालं. बँडच्या सुपारीची पत्रं इतकी वर्षं भिवाकाका स्वतःच लिहून राह्यले होते. अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. मी म्हटलं, आता ही पत्रं मी लिहितो. ते लगेच हो म्हणाले. बेबीनंदानं दौत आणून दिली आणि चहात आलं घातलं. मी जुनं पत्र नमुना म्हणून बघितलं तर कपाळावर हात मारला. अगदी वर, नमस्काराच्याही आधी, काय लिहिलेलं होतं माहीत आहे? बँडवाले आधी जेवतील, पाहुण्यांच्या पंगतीत, बरोबरीनं. अरे, पत्राची सुरुवात कुणी जेवणानं करतं का! ज्याला पत्र जाईल तो म्हणेल की हे वाजवायला येऊन राह्यले की दुष्काळातून उठून. माझ्या अक्षरात तसली भीक मी लिहिणार नाही. ती ओळ मी काढून टाकली. बिलकुल काढली, खालीसुद्धा घेतली नाही. त्याऐवजी मोठ्या थाटात लिहिलं की आपल्या मंगल कार्यास आमचे कलापथक आपली सेवा रुजू करील. कलापथक! भिवाकाकांनी कागद हातात धरला, अक्षर छापल्यासारखं आहे म्हणाले आणि न वाचताच सही केली. त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. चांगलं झालं की कळेलच.

पत्र कुंभार पिंपळगावच्या पुढं एका गावी भुजंगरावांकडं गेलं आहे. त्यांच्या मुलीचं लग्न वीस तारखेला. मीही जाणार. ह्या लोकांना एकदा माणसांसारखं वाजवून, माणसांसारखं परत येताना बघायचं आहे. परत आलो की भिवाकाकांजवळ बेबीनंदाचा विषय काढतो. तू आणि माय तयारीत राहा.

रागावली असशील तर लोभ तेवढा शिल्लक ठेव, लवकरच लागणार आहे.

तुझा,
वसंता


आष्टी
दि. १८ फेब्रुवारी १९७५

चि. वसंतास,
आशीर्वाद. जयभीम.

शिक्षकांच्या शिबिराला परतूरला गेल्ते. तुझं पत्र दाजींनी माझ्या टेबलावर ठेवलं होतं, ते आज हातात आलं. मायला वाचून दाखवलं नाही, दाखवणारही नाही.

वसंता, ती ओळ मी लिहिलेली आहे.

तेव्हा मी सहावीत होते, बारा वर्षांची. आपल्या घरात लिहिता येणारी मी एकटी. तू तीन वर्षांचा, नाकातला शेंबूड पुसता न येणारा. बँडला गावाबाहेरची पहिली सुपारी आली आणि दादांनी मला जवळ बसवून पत्र लिहायला लावलं. होय, आपले दादा, आपला बाप. त्या बँडमध्ये पहिला ढोल दादांचा, रखमाजीचा होता, पुंजारामकाकानं तो दादा गेल्यावर उचलला. तुला हे कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला विचारलं नाहीस. दादांनी ती ओळ सांगितली. मी म्हटलं, दादा, शाळेत शिकवलंय की आधी नमस्कार लिहायचा. ते म्हणाले की लोक कागद अर्धाच वाचतात, म्हणून ही ओळ सगळ्यात वर पाहिजे, नमस्कार खाली गेला तरी चालंल. बरोबरीनं हा शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा गिरवून घेतला.

आता त्याच्या आधीचं ऐक. दादा आणि भिवाकाका गावात डफडं वाजवायचे. मी आठ वर्षांची असताना एका लग्नाला मला बरोबर नेलं. सकाळपासून दोघं वाजवून राह्यले होते. आम्हाला बसायला जागा गोठ्याच्या मागं. मांडवाकडून बुंदीचा वास येत होता आणि मी दर थोड्या वेळानं दादांना विचारत होते की आपल्याला कधी. सगळे जेवले. वरातीचे बैलसुद्धा वैरण खाऊन बसले. दिवेलागणीला एका टोपल्यात सगळं एकत्र कालवून आलं. बुंदी वरणात भिजली होती. वास ओळखू आला, चव कळली नाही. दादा जेवले नाहीत, मला जेवताना बघत बसले. त्यानंतर धम्म घेतला, डफडं सुटलं, गाव सुटलं. मंग जिनिंगमध्ये बँड निघाला तेव्हा दादा म्हणाले की वाजवायचं तर आपल्या खुशीनं वाजवू, पण आता कुणाच्या दारात गोठ्याच्या मागं बसणार न्हाई.

तुला ती भीक वाटली. बाबा रे, भीक मागणारा बरोबरीनं असं लिहीत नाही.

हे पत्र मिळताच, हातातला रंगाचा ब्रश तसाच टाकून, भिवाकाकांकडं जा आणि काय केलंस ते सांग. आज अठरा तारीख. आष्टीच्या पोस्टाचा मला भरवसा नाही. तरी पाठवते. आत्ता माझ्याजवळ तुझ्यासाठी कान पिळणं आहे, माया नंतर बघू.

तुझी,
ताई


जालना
दि. २२ फेब्रुवारी १९७५

ती. सौ. ताईस,
वसंताचा जयभीम.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. परवा लग्न होऊन गेलं.

लिहावंसं वाटत नाही, पण तुला नाही लिहिलं तर कुणाला लिहू? आम्ही कारखान्याच्या गाठींच्या ट्रकमधून गेल्तो. दहाच्या सुमाराला उतरलो. मांडवात पहिली पंगत बसत होती. नेहमीच्या सवयीनं चौदाजणांनी वाद्यं एका बाजूला ठेवली, हात धुतले आणि पंगतीच्या शेवटाला ओळीनं बसले. मी नाही बसलो. मी ट्रकजवळ हाताची घडी घालून, हसू दाबत उभा. पत्रावळी पडल्या. वाढपी आला आणि ह्यांच्यापाशी थांबला. भुजंगरावांचा पुतण्या पुढं आला, म्हणाला की हे काय चाललंय, बँडवाल्यांचं नंतर, गोठ्यामागं सोय केलीय. भिवाकाका शांतपणानं म्हणाले की मालक, पत्र बघा, पत्रात पहिल्या ओळीत लिहिलंय. पुतण्यानं पत्र मागवलं आणि भर पंगतीत मोठ्यानं वाचलं. मंगल कार्य झालं, कलापथक झालं, सेवा रुजू झाली. पत्र संपलं.

भिवाकाकांनी हात पुढं करून कागद मागितला. वरपासून खालपर्यंत वाचला. मंग उलटा करून मागं बघितलं. ताई, मागं कोरं होतं. कोऱ्या कागदाकडं ते किती वेळ बघून राह्यले होते! मंग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले की चूक आमची हाये. चौदाजण पंगतीतून उठले. समोर पत्रावळी तशाच, कोरड्या. पंगतीतलं कुणीतरी हसलं. मी धावून गेलो, पुतण्याची गचांडी धरणार एवढ्यात भिवाकाकांनी माझं मनगट पकडलं. म्हणाले की ओरडू नको, कागद तुझा हाये, सही माझी हाये, त्याचा ह्याच्यात काय गुन्हा?

मला वाटलं आता परत फिरतील. नाही फिरले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की कागदात जेवायचं लिहिलेलं न्हाई तर जेवायचं न्हाई, वाजवायचं लिहिलंय तर वाजवायचं. आणि वाजवलं, ताई. दहा वाजल्यापासून दुपार ढळेपर्यंत, वरात येऊन अक्षता पडेपर्यंत, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. चारच्या चारही चाली. मला वाटत आलं होतं की ह्यांना वाजवता येत नाही. परवा कळलं की ऐकता मला येत नव्हतं. कडूबाच्या हातातून झांज दोनदा निसटली, ती त्यानं खाली पडू दिली नाही. गोठ्यामागं टोपलं आलं होतं. त्याच्याकडं एकानंही बघितलं नाही. अठरा वर्षांत एकदाही न मोडलेला नियम माझ्या सुंदर अक्षरानं मोडला. परत येताना ट्रकमध्ये चौदाही जण माझ्याकडं पाठ करून बसले. मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

काल बेबीनंदाकडं गेलो. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. म्हणाली की एवढी पुस्तकं वाचणारा माणूस एक ओळ खोडायच्या आधी ती वाचत असंल असं मला वाटलं होतं. आणखी म्हणाली की माझ्या बापाच्या जेवणाची ज्याला लाज वाटते त्याच्यासाठी मी चहात आलं घालत होते, त्याची आता मला लाज वाटते. दौत तेवढी हातात देऊन दार लावलं.

आज तुझं पत्र वाचलं. दादांची ओळ. बरोबरीनं हा शब्द दोनदा गिरवलेला. मी माझ्याच बापाला पंगतीतून उठवलं, ताई. ह्या गाढवानं आता कोणत्या तोंडानं लोभ मागावा ते कळव.

वसंता


जालना
ता. ९ मार्च १९७५

चि. कांता बाईस,
भिवाकाकाचा जयभीम आणि आशीर्वाद.

अक्षर समजून घे. तुझ्या भावाच्या अक्षरानंतर माझं अक्षर म्हंजे मुंग्या वाटतील, असं तोच म्हणला होता.

तुझं पत्र आलं. तू त्याच्यासाठी माफी मागितली. बाई, तू कशाला मागते? सही म्या केली, न वाचता केली. रखमाजी असता तर मला म्हणला असता की भिवा, कागद न वाचता सही करायची तर शाळा कशाला मागितली आपण. तेव्हा थोडं माझंबी हाये.

पोरं भडकलेत. कडूबा म्हणतो त्याला फाटकात पाय ठेवू देऊ नका. पुंजाराम तर घरात त्याच्याशी बोलत न्हाई, भाकरी सरकवतो आणि तोंड फिरवतो. तुझा भाऊ रोज सुट्टी झाली की माझ्या दारासमोरून जातो, मान खाली घालून. थांबत न्हाई. आधी मान वर करून यायचा आणि उठायचा न्हाई. आता बराबर चालतो असं मला वाटतं.

त्याच्या मनात काय हाये ते मला ठाव हाये. इतिहास विचारताना डोळा चुलीकडं असायचा. म्या पोरीला विचारलं. ती म्हणली, आबा, त्याला जेवता येतं का ते आधी बघा, मंग मला विचारा. पोर बराबर बोलली. एप्रिलात तीर्थपुरीला काकासाहेबांच्या घरी लग्न हाये. पत्र त्यालाच लिहायला लावतो. वाद्य देणार न्हाई, वाजवायचं न्हाई, नुसतं आमच्या मधी बसून जेवायचं. बघू किती दम हाये.

तुझ्या मायला सांग, गुडघ्याला एरंडाचं पान बांध. तुमच्या घराची सय येते. तशीच तुम्हाला आमची येऊ द्या.

भिवा


जालना
दि. २८ एप्रिल १९७५

ती. सौ. ताईस,
वसंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तीर्थपुरीचं पत्र मी लिहिलं. ती ओळ नमस्काराच्या वर, बरोबरीनं हा शब्द दोनदा गिरवून. भिवाकाकांनी ह्या वेळी ते पूर्ण वाचलं, बोट फिरवत, आणि मंग सही केली. काकासाहेबांचं उत्तर आलं की मान्य आहे.

काल लग्न होतं. मला पलटणचाचाचा जुना तांबडा कोट दिला होता, बाह्या कोपरापर्यंत. कोंबड्यांच्या रांगेत आणखी एक कोंबडा. मी म्हटलं, जेवायचंच आहे, त्यात काय एवढं. प्रोफेसराला भर वर्गात सुनावणारा मी! पंगतीत पुंजारामकाका आणि कडूबाच्या मधी बसलो.

ताई, कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. काकासाहेब स्वतः येऊन बसा म्हणाले. शब्द असता तर मी भांडलो असतो, भांडता मला येतं. पण समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं आपली पत्रावळ वीतभर मागं ओढली. वाढप्यानं सगळ्यांना वाकून वाढलं आणि आमच्यापाशी आल्यावर पळी उंच धरून वरून सोडली. मांडवातले सगळे डोळे आमच्या हातांवर. घास उचलला की तोही बघतात, गिळला की तोही. उचललेला घास मी पत्रावळीवर परत ठेवला. उठून पळावं असं वाटलं. कडूबानं, जो दोन महिने माझ्याशी बोलला नव्हता, न बघता हळूच सांगितलं की खाली बघू न्हाई, समोर बघत चाव.

तेवढ्यात काकानं हात वर केला आणि ओरडला, इकडं आणखी वाढा! तोच आवाज, ज्याची मी तुला पत्रातून नक्कल केली होती. वाढपी परत फिरला. काकाच्या पत्रावळीवर पहिलंच संपलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की तो अन्न मागतच नाही. एकदा टाळून गेलेल्या माणसाला तो दुसऱ्यांदा आपल्यासमोर आणतो. दुसऱ्या वेळी वाढप्याची पळी वीतभर खाली आली. काका तिसऱ्यांदा ओरडला. तिसऱ्या वेळी तो वाकला. मंग काका उठला आणि ढोल बांधला. इतकी वर्षं हा माणूस भूक नसताना तीन-तीनदा वाढून घेतोय, आणि घरी एका भाकरीवर उठतो. ज्याला मी हावरट म्हटलं. फुंकायचं काम त्यांच्यासाठी सोपं आहे गं. आधीचंच अवघड आहे.

इतिहासाची दोन पानं लिहून मॅनेजरला दिली होती. त्यानं सगळं ठेवलं, चाचा ठेवला, कॉर्नेट ठेवली, नेमकी ती ओळ खोडली. म्हणाला की कारखान्याच्या पुस्तकात हे खाण्यापिण्याचं बरं दिसत नाही. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. आरशात बघावं तसं वाटलं, फक्त तो जाडा होता. पानं ओढून घेतली आणि सांगितलं की त्या जागी मालकाच्या बापाचा आणखी एक फोटो छापा. ती पानं ह्या पाकिटात आहेत. तुझ्या पेटीत ठेव, दादांच्या वस्तूंत.

आज संध्याकाळी भिवाकाकांनी मला घरी बोलावलं. बेबीनंदा चुलीपाशी होती. पाठमोरीच राहून तिनं विचारलं की काल पत्रावळीवर काय काय होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. भात होता का? असेल. गोड काय होतं? बुंदी की लाडू? आठवेना, ताई. काल जेवलेलं मला आज आठवेना. वाढप्याची पळी आठवते, म्हाताऱ्याचं पत्रावळ ओढणारं बोट आठवतं, त्या बोटातली अंगठी आठवते, कडूबा माझ्या डाव्या हाताला होता हे आठवतं. चव एकाही घासाची नाही. मी तसं सांगून टाकलं. आणि ज्या माणसांना मी जनावराखाली काढलं होतं त्यांची ती तोंडं आठवली, एकमेकांकडं बघणारी.

ती वळली. हसली नाही, पण दारात उभी राहिली होती तो चेहराही नव्हता. म्हणाली की आबालाबी अठरा वर्षांत एका लग्नातलं जेवण आठवत न्हाई. घरी आले की माझी माय त्यांना पुन्हा जेवायला वाढायची, माय गेल्यावर मी वाढते. कडूबाच्या घरी तसंच, पुंजारामच्या घरी तसंच. मंग बापाकडं न बघता तिनं आणखी एक ताट काढलं, त्यांच्या शेजारी मांडलं आणि मला म्हणाली की इथलं तरी लक्षात ठेव.

भिवाकाका म्हणाले की कांताला आणि तुझ्या मायला, गोजरबाईला, बोलाव, बसून बोलू. ताई, येताना शाईची दौत आण. आमच्या लग्नालाही बँडचं पत्र लागतं म्हणे, आणि त्याची पहिली ओळ तुझ्या हातची पाहिजे असं दोघंही बाप-लेक म्हणतात. लोभ आता मागत नाही. तू वाढशील तेवढा, बरोबरीनं बसून घेईन.

तुझा,
वसंता

ता. क. बाजरीची भाकरी होती, वर लसणाची चटणी, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरी एका कडेला करपली होती. बराबर लक्षात आहे.